आधी पाय, मग ड्रम, शेवटी फाइफ

४ जून १७७७ च्या हुकुमात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी स्पष्ट तक्रार केली आहे: सैन्यातलं संगीत एकंदरीत फारच वाईट आहे. ड्रम मेजर आणि फाइफ (छोटी आडवी बासरी) मेजर यांनी ते सुधारावं, नाहीतर त्यांचं पद आणि जादा पगार दोन्ही जाईल. प्रत्येक रेजिमेंटने सरावाच्या वेळा ठरवून द्याव्यात असंही त्यात आहे. पुढच्या वर्षी लेफ्टनंट जॉन हायवेल यांना सैन्याच्या संगीताचे निरीक्षक नेमलं गेलं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा गणवेश चढवून शनिवार-रविवार छावणीत राहणाऱ्या आजच्या रीएनॅक्टर, म्हणजे इतिहास पुन्हा उभा करणाऱ्या हौशी मंडळींना वाजवायला शिकवताना हा हुकूम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. अडचण तीच आहे आणि उपायही तोच आहे, ठरावीक वेळी केलेला सराव.

नव्या गटाची पहिली मागणी ठरलेली असते: "यांकी डूडल शिकवा." तिथेच गाडी रुळावरून घसरते. फाइफ आणि ड्रम हे मुळात करमणुकीचं साधन नव्हतं. शेकडो माणसं, बंदुकांचा धूर, ओरडून कानात पोहोचणार नाही इतकं अंतर, अशा जागी हुकूम पोहोचवायची ती यंत्रणा होती. वॉशिंग्टन यांच्या सैन्याला कवायत शिकवणाऱ्या बॅरन फॉन श्टॉयबेन यांच्या १७७९ च्या नियमावलीत ड्रमच्या वेगवेगळ्या ठोक्यांवर वेगळं प्रकरण आहे. 'जनरल' वाजला की तंबू उतरवून कूच करायची तयारी, 'असेंब्ली' वाजला की झेंड्यापाशी जमायचं, 'मार्च' म्हणजे निघायचं. 'रेव्हली' पहाटे, 'ट्रूप' हजेरीसाठी, 'रिट्रीट' सूर्यास्ताला, 'टॅटू' रात्री तंबूत परतायला. 'टू आर्म्स' म्हणजे हत्यारं उचला, 'पार्ले' म्हणजे शत्रूशी बोलणी. याखेरीज छोट्या खुणा आहेत: फर्स्ट सार्जंटना बोलवायला एक रोल (सलग गडगडणारे ठोके) आणि तीन ठोके, सगळ्या नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांना दोन रोल आणि पाच ठोके, पाणी आणायला दोन ठोके आणि एक फ्लॅम (मोठ्या ठोक्याला आधी चिकटलेला लहान ठोका), शिधा आणायला 'रोस्ट बीफ' ही धून.

गंमत अशी की 'पार्ले' चर्चला जमायची खूणही होती. गोंधळ होत नसे, कारण रविवारी सकाळी छावणीत शत्रूशी बोलणी चालू नसतात हे शिपायाला कळत होतं. 'टॅटू' हा शब्द डच भाषेतून आला, मूळ अर्थ दारूच्या पिंपाची तोटी बंद करा.

तेव्हा शिकवताना पहिल्या दिवशी धून शिकवू नका, सार्जंटची हाक शिकवा. एक रोल, तीन ठोके. कच्चा रोल असला तरी चालेल. पहिल्याच तासाला विद्यार्थी छावणीत खरोखर उपयोगी पडेल असं काहीतरी वाजवून घरी जातो, आणि आपण काय वाजवतोय याला अर्थ असतो हे त्याच्या डोक्यात बसतं. धुना नंतर आपोआप येतात. हाका नंतर शिकवू म्हटलं तर त्या कधीच येत नाहीत.

काळ आधी पक्का करा

१७७७ चं पथक आणि १८६३ चं, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धाचं, पथक यांत ८६ वर्षांचं अंतर आहे आणि दोघांचं सामान वेगळं आहे. डॅनिएल एमेट यांचं 'डिक्सी' हे गाणं १८५९ चं, 'बॅटल क्राय ऑफ फ्रीडम' १८६२ चं, 'व्हेन जॉनी कम्स मार्चिंग होम' १८६३ चं. यांतलं काहीही १७७७ ची तिकोनी टोपी घालून वाजवलं की जाणकार प्रेक्षक तोंड फिरवतो. 'यांकी डूडल' मात्र १७६८ मध्ये बॉस्टनला आलेल्या ब्रिटिश जहाजांवर वाजत होतं, म्हणजे ते चालतं. त्या काळी ते अमेरिकनांची टर उडवायला वाजवलं जाई, हेही विद्यार्थ्यांना सांगून ठेवा. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरणागतीच्या वेळी ब्रिटिशांनी 'द वर्ल्ड टर्न्ड अपसाइड डाउन' वाजवलं ही कथा सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ती छापून आली १८२० च्या दशकात. शरणागतीच्या प्रसंगी ती धून वाजवणारं पथक खरं तर दंतकथेचं पुनर्मंचन करत असतं.

श्टॉयबेन यांच्या पुस्तकात हाकांची नावं आहेत, स्वरलिपी नाही. ठोक्यांसाठी नंतरची पुस्तकं पाहावी लागतात. चार्ल्स स्टुअर्ट ॲशवर्थ यांचं १८१२ चं पुस्तक इथे उपयोगी पडतं. ड्रमच्या मूळ पाठांना 'रुडिमेंट' हे नाव त्यातूनच रूढ झालं. यादवी युद्धासाठी जॉर्ज ब्रूस आणि एमेट यांचं १८६२ चं मार्गदर्शक आहे. १७७७ चं पथक ॲशवर्थवरून वाजवतं तेव्हा ते ३५ वर्षांनंतरचं पुस्तक वापरत असतं. याला इलाज नाही, पण प्रेक्षकाने विचारलं तर "हे अगदी असंच वाजत होतं" असं ठोकून देऊ नये, एवढं विद्यार्थ्यांना बजावून ठेवा.

पाय

पहिल्या दिवशीची सार्जंटची हाक झाली की वाद्य बाजूला, पुढचे दोन आठवडे फक्त चालायचं. याला सगळे कुरकुरतात. श्टॉयबेन यांची साधी चाल मिनिटाला ७५ पावलं आणि जलद चाल १२० पावलं, पाऊल दोन्ही चालींत दोन फुटांचं. यादवी युद्धातल्या हार्डी यांच्या नियमावलीत साधी चाल ९०, जलद ११० आणि दुडकी १६५. ७५ ची चाल सर्वांत अवघड. आजच्या माणसाची सहज चाल याहून बरीच जलद असते, म्हणून पाय हवेत लटकल्यासारखा वाटतो आणि लय हळूहळू पुढे पळते.

व्यायाम असा. मेट्रोनोम ७५ वर लावून १६ पावलं चालायचं आणि तोंडाने 'एक' ते 'सोळा' मोजायचं. मग आवाज बंद करून पुढची १६ पावलं मनात मोजायची, आणि सतराव्याला आवाज पुन्हा चालू. पाऊल आणि टिकटिक एकत्र पडलं पाहिजे. बहुतेकांचं पाऊल आधी पडतं. हे जमलं की ३२, मग ६४ पावलं. मिनिटभर चालून पावलं मोजली आणि चूक दोनच्या आत असली की मगच पुन्हा काठ्या द्या. जो पायाने लय धरू शकत नाही तो हाताने धरूच शकत नाही, कारण मैदानावर त्याचे हात त्याच्या पायांचंच ऐकणार असतात.

ड्रम

दोरीने ताणलेला लाकडी ड्रम उजव्या खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याला डाव्या बाजूला लटकतो. तो सरळ राहत नाही, वरचं पान (ड्रमवर ताणलेलं कातडं) उजवीकडे तिरकं होतं. डाव्या हाताची ती वेगळी पकड, म्हणजे काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरून तळवा वर ठेवणं, याच तिरकेपणामुळे आली. डाव्या हाताने वरून मारायला गेलं तर कोपर खांद्यापर्यंत उचलावं लागतं. हे कारण सांगितलं की विद्यार्थी पकडीबद्दल वाद घालत नाहीत.

पण इथेच एक फसगत होते. घरचा सराव टेबलावर ठेवलेल्या रबरी पॅडवर होतो, आणि टेबल सपाट असतं. तीन महिन्यांनी ड्रम गळ्यात आला की डाव्या काठीचा कोन चुकतो, ती पानाभोवतीच्या कड्यावर आपटते. म्हणून पॅडच्या डाव्या कडेखाली पहिल्या दिवसापासून दोन-तीन इंचांचा लाकडाचा तुकडा ठेवा. एवढ्याने पुढचे कित्येक तास वाचतात.

दुसरं, फक्त रबरी पॅडवर सराव केला की काठी आपोआप उसळते आणि मनगट आळशी होतं. कातड्याचं पान, त्यातही दमट हवेत, एवढी उसळी देत नाही. निम्मा वेळ पॅडवर आणि निम्मा वेळ घडी घातलेल्या जाड घोंगडीवर वाजवायला लावा. घोंगडी काहीच परत देत नाही, प्रत्येक ठोका स्वतः उचलून मारावा लागतो.

पाठांचा क्रम असा ठेवतो: लांब रोल, पाच ठोक्यांचा रोल, फ्लॅम, सात ठोक्यांचा रोल, ड्रॅग (मोठ्या ठोक्याआधी दोन लहान ठोके), पॅराडिडल, नऊ आणि दहा ठोक्यांचे रोल. बाकीचं नंतर.

लांब रोल म्हणजे उजवा-उजवा, डावा-डावा. इंग्रजीत याचे बोल 'डॅडी-मॅमी' आणि फ्रेंचमध्ये 'पापा-मामाँ', घर कुठलंही असो. मुळात या सगळ्या पाठांची नावं म्हणजे बोलच आहेत. 'फ्लॅम' तोंडाने म्हणा, लहान 'फ' आणि मोठा 'लॅम' ऐकू येतो. 'पॅ-रा-डि-डल' चार अक्षरं आणि चार ठोके, उजवा-डावा-उजवा-उजवा, मग उलट. वाजवण्याआधी पूर्ण पाठ तोंडाने म्हणवून घ्या. जे तोंडात अडखळतं ते हातातही अडखळतं.

लांब रोल अगदी सावकाश सुरू करून हळूहळू घट्ट करत न्यायचा आणि तसाच परत मोकळा करायचा. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. जोडीतला दुसरा ठोका मरतो, हा हमखास दोष. पहिला ठोका मनगटाचा असतो आणि दुसरा नुसत्या उसळीवर सोडून दिलेला असतो. सावकाश वाजवताना मुद्दाम दुसऱ्या ठोक्यावर जोर द्यायला लावा, आठवडाभरात दोन्ही सारखे होतात. डावा हात कमजोर असेल तर रोल डाव्याने सुरू करायचा. आणि वेग वाढला की काठी दाबून 'झर्रर्र' काढायची युक्ती विद्यार्थ्यांना स्वतःहून सापडते. ती तिथल्या तिथे बंद करा. या परंपरेतला रोल उघडा असतो, त्यातला प्रत्येक ठोका लांबून वेगळा ऐकू यायला हवा.

पाच ठोक्यांचा रोल दर वेळी हात बदलतो: उजवा-उजवा-डावा-डावा-उजवा, पुढचा डाव्यापासून. सात ठोक्यांचा बदलत नाही. डाव्याने सुरू होऊन उजव्यावर संपतो आणि पुढचा पुन्हा डाव्यानेच. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण रांगेत चौघांपैकी एकाचे हात उलटे चालले तर प्रेक्षकाला तेवढंच दिसतं.

फ्लॅमवर वेळ घालवा. एक काठी पानापासून दोन इंचांवर, दुसरी बारा इंचांवर. दोन्ही एकाच वेळी सोडायच्या; खालची आधी पोहोचते आणि मधलं अंतर आपोआप योग्य पडतं. दोन्ही काठ्या सारख्याच उंचीवर असतील तर ठोके एकत्र आदळतात आणि सपाट 'टप्' येतो. उजवा-डावा फ्लॅम आलटून पालटून वाजवताना खरी चूक ठोक्याच्या नंतर होते. उजवा मोठा ठोका पडला की उजवी काठी खालीच राहिली पाहिजे आणि डावी वर गेली पाहिजे, कारण पुढच्या फ्लॅममध्ये त्यांच्या भूमिका बदलतात. विद्यार्थी सवयीने दोन्ही वर उचलतात. म्हणून प्रत्येक फ्लॅमनंतर 'थांब' म्हणून काठ्या कुठे आहेत ते बघायला लावा, पन्नासेक वेळा.

रोल बसले की 'थ्री कॅम्प्स'. ॲशवर्थ आणि ब्रूस-एमेट परंपरेत रेव्हलीची सुरुवात याने होते. ब्रूस-एमेट यांच्या काळातली पूर्ण रेव्हली म्हणजे एका मागोमाग एक धुनांची माळ आहे, त्यात 'स्लो स्कॉच', 'ऑस्ट्रियन', 'डच', 'हेसियन', 'क्विक स्कॉच' येतात आणि शेवट पुन्हा 'थ्री कॅम्प्स'वर होतो. नवीन गटाकडून पूर्ण माळ पहिल्या वर्षी होत नाही, आणि होऊही नये. एकटा 'थ्री कॅम्प्स' स्वच्छ वाजला तर छावणी जागी होते.

पान, दोरी आणि हवा

ड्रमच्या दोन्ही पानांचा ताण एकाच दोरीवर असतो. वरचं घट्ट आणि खालचं सैल असं वेगवेगळं करता येत नाही, म्हणून खालचं पान मुळातच पातळ घेतात. दोरीच्या दोन-दोन धारांवर चामड्याचे कान असतात. कान खाली ओढला की दोन धारा जवळ येतात आणि ताण वाढतो. ओढताना ओळीने ओढत जाऊ नका. समोरासमोरच्या जोड्या घ्या, प्रत्येक वेळी अर्ध्या इंचाहून कमी, आणि कड्यापासून दोन इंचांवर बोटाने टिचकी मारून सगळीकडे एकच सूर येतो का ऐका. सगळे कान तळाशी पोहोचले आणि तरीही पान ढिलंच असेल तर दोष कानांचा नाही, दोरी सैल पडली आहे. कान वर ढकला, दोरी गाठीपासून सुरू करून ड्रमभोवती एकेक धार ओढत आणा, पुन्हा बांधा, मग कान.

कातडं हवेतला ओलावा ओढून घेतं. सकाळी दव पडलेलं असताना ड्रम भिजल्या पुठ्ठ्यासारखा वाजतो, म्हणून लोक कान जोरात ओढतात. दुपारी ऊन चढलं की तेच पान आक्रसतं आणि फाटतं. सकाळी ओढलेले कान अकराच्या सुमारास थोडे वर करायचे, ही सवय लावा. संध्याकाळी वाजवून झालं की सगळे कान सैल. पावसात वाजवायचंच असेल तर मेणकापड वरून घाला, नाहीतर वाजवू नका. काही गट प्लास्टिकचं पान लावतात. ते पावसात वाजतं आणि दहा पावलांवरून ओळखूही येतं. पथकाचे नियम काय सांगतात ते आधी विचारा.

नवं कातडं कड्यावर चढवताना ते गार पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवायचं. गरम पाणी नको, त्याने कातडं आक्रसून कडक होतं आणि सुधारत नाही. ओलं असताना ड्रमवर बसवून हलकासा ताण द्यायचा, सावलीत किमान एक दिवस वाळू द्यायचं, मग पूर्ण ताण. ओल्यातच पूर्ण ओढलं तर वाळताना ते आणखी आक्रसतं आणि कडं वाकडं होतं किंवा पान फाटतं.

खालच्या पानावर ताणलेल्या तातीच्या दोऱ्यांमुळेच ड्रमला तो खरखरीत आवाज येतो. त्या फार घट्ट केल्या तर आवाज गुदमरतो, सैल सोडल्या तर ठोक्यानंतरही खुळखुळत राहतात. लांब रोल वाजवून अचानक थांबा. खुळखुळ लगेच थांबली तर ताण बरोबर आहे.

फाइफ

फाइफ म्हणजे लाकडाची आडवी, सहा भोकांची बासरी, आतून सरळ नळी. नळी अरुंद असल्यामुळे खालचं सप्तक दुबळं आणि मधलं-वरचं सप्तक कानठळ्या बसवणारं. नेमका हाच तिचा उपयोग: रोलच्या गडगडाटावरून तो तीक्ष्ण सूर पार जातो. म्हणून खालच्या सप्तकात छान वाजवणारा विद्यार्थी अजून फाइफ वाजवत नसतो. त्याला वर चढवणं हे निम्मं काम.

खालच्या ओठाने फुंकायच्या भोकाचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकायचा, ओठांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि हवा भोकाच्या समोरच्या कडेवर. पहिले दोन दिवस बोटं लावूच नका. आरशात बघून नुसता सूर काढायचा. पाच मिनिटं वाजवून दोन मिनिटं विश्रांती, कारण चक्कर येते. चक्कर आली की खाली बसायचं. उभ्याने 'आता थांबते' म्हणत वाट बघायची नाही.

सूर आला की डाव्या हाताची तीन बोटं. पाश्चात्त्य सुरांच्या नावांनी, एक भोक बंद केलं की बी, दोन बंद ए, तीन बंद जी. मग उजव्या हाताने एफ शार्प, ई आणि सहाही बंद करून डी. बोटांची टोकं वापरू नका, मऊ गादी भोकावर पडली पाहिजे. डीवर सूर फाटला तर दहापैकी नऊ वेळा उजव्या हाताचं तिसरं बोट भोकाच्या काठावर असतं. वरच्या सप्तकात बोटं बहुतेक तशीच राहतात, फक्त डीला पहिलं बोट उचलायचं. तिसऱ्या सप्तकातल्या बोटांच्या जुळण्या मात्र वाद्यागणिक बदलतात, तेव्हा त्याच बनावटीचा तक्ता वापरा.

वर चढायला जोरात फुंकायचं असतं असा सगळ्यांचा समज असतो. जोरात फुंकलं की सूर चढा होतो आणि किंचाळतो. फट लहान करा, हवा आपोआप जलद होते, तेवढं पुरे. कसोटी अशी: मधला जी आणि वरचा जी आठ-आठ मात्रा धरायचे, छाती न फुगवता. वरचा सूर टिकला पण ओठ थरथरले, तर अजून दोन आठवडे हेच.

डावखुऱ्याला फाइफ डावीकडे धरता येते, वाद्याला त्याने काही फरक पडत नाही. रांगेत शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते, म्हणून सगळ्यांनी उजवीकडेच धरायची.

एका पथकात एकाच सुराच्या आणि शक्यतो एकाच कारागिराच्या फाइफ हव्यात. आज सर्वाधिक चालते ती बी फ्लॅट. कागदावर डी लिहिलेलं असतं आणि कानाला बी फ्लॅट ऐकू येतं. कोणी सी फाइफ घेऊन आला तर एकही सूर जुळत नाही, आणि एकसंध लाकडाची फाइफ लांब-आखूड करून जुळवता येत नाही. ती ओठावर थोडी आत-बाहेर फिरवून जेमतेम किंचित फरक पडतो. थंडीत सूर उतरतो, म्हणून वाजवण्याआधी फाइफ कोटाच्या आत ठेवा. शेकोटीजवळ धरू नका, लाकूड तडकतं.

एकाच वाद्याची दोन सप्तकं आपसात जुळत नसतील तर बूच बघा. फुंकायच्या भोकापलीकडे नळी बंद करणारं बूच भोकाच्या मध्यापासून साधारण नळीच्या आतल्या व्यासाएवढं दूर असावं. सरकलं असेल तर काठीवर खूण करून परत जागेवर आणा. नवी लाकडी फाइफ पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवायची, नंतर आतून पुसायची आणि अधूनमधून बदामाच्या तेलाचा हात फिरवायचा.

चालताना वाजवणं हा वेगळाच प्रकार. टाच आपटली की फाइफ हनुवटीवर उडते आणि सूर तुटतो. पाऊल टाचेपासून बोटांपर्यंत गुंडाळत टाकायला शिकवा. आणि सगळ्यांनी एकाच ठिकाणी श्वास घेऊ नये. ओळीच्या शेवटी सहाच्या सहा फाइफ एकदम गप्प झाल्या की तुकडीला वाटतं धून संपली. श्वासाच्या जागा कागदावर दोन गटांत वाटून द्या.

एकत्र आणि मैदानावर

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे असलेल्या शिपायाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत पाऊल अर्ध्या सेकंदाचं असतं, म्हणजे पाचवा हिस्सा पाऊल मागे. मागची रांग बेताल चालते यात तिची चूक नसते. लांब तुकडीत शक्य असेल तर ड्रम मधोमध ठेवा. पुढेच ठेवायचे असतील तर मागच्यांना समोरच्या माणसाच्या पायाकडे बघून चालायला सांगा, कानावर विसंबू नका. हाच नियम वादकांना लागू: फाइफ पुढच्या रांगेत, ड्रम मागच्या, आणि दोन्हींत दोन पावलांहून जास्त अंतर नको.

लय एकाच ड्रमरची. त्याचं नाव आधी जाहीर करा. त्याची लय चुकीची असली तरी सगळ्यांनी त्याच्याबरोबर जायचं, वाद नंतर. प्रेक्षक दिसले की लय चढते हे गृहीत धरा. तालमीत १२० असेल तर मैदानावर १२८ होते, आणि फाइफच्या बोटांची दमछाक होते. म्हणून प्रमुख ड्रमरने निघण्याआधी मनात आठ पावलं चालून मगच सुरुवातीचा रोल द्यायचा.

पट्ट्याची लांबी ड्रम घालून, चालून बघा. डावी मांडी उचलली की ड्रम उडतो आणि काठी कड्यावर पडते. ड्रमचं अंग मांडीला टेकलेलं राहील इतका पट्टा लांब करा, मग ड्रम मांडीबरोबर हलतो.

गोळीबाराच्या प्रसंगात वादक रांगेच्या मागे, बंदुकीच्या तोंडापासून दूर. ड्रमरचे आणि फाइफरचे कोट पुष्कळ रेजिमेंटांत उलट्या रंगांचे असत, अधिकाऱ्याला ते गर्दीत चटकन सापडावेत म्हणून. त्यामुळे वादकाने जागा सोडली की ते सगळ्यांना दिसतं. कानात बोळे घालायला सांगा, फाइफरांनाही; उजव्या कानाशेजारी तासभर तिसरं सप्तक वाजणं आणि मागे चार ड्रम, हे बंदुकीइतकंच त्रासदायक आहे. मरून पडायचं नाटक असेल तर ड्रमरने आधी गुडघ्यावर यायचं, ड्रम बाजूला टेकवायचा आणि मग आडवं व्हायचं. ड्रमवर पडलं तर कडं मोडतं, नाहीतर बरगडी.

छावणीत रिकाम्या वेळी हाका वाजवू नका. ज्यांनी खरोखर त्या शिकल्या आहेत ते 'टू आर्म्स' ऐकून जेवण टाकून धावत येतात, आणि दोनदा फसले की तिसऱ्यांदा येत नाहीत. सरावाला ठरावीक तास, ठरावीक जागा, तंबूंपासून लांब, आणि त्या तासात हाका पॅडवरच.